आधी खिडकी, मग फुलझाड: नाशिकच्या छोट्या फ्लॅटसाठी

नर्सरीतून फुलांनी लगडलेली जास्वंद आणायची, टीव्हीशेजारच्या कोपऱ्यात ठेवायची, आणि पंधरा दिवसांत कळ्या टपाटप गळायला लागल्या की "आमच्या हाताला झाडच लागत नाही" म्हणून मोकळं व्हायचं. घरोघरी हेच चालतं. यात हाताचा काही दोष नसतो. उन्हातलं झाड आपण अंधारात आणून बसवलेलं असतं, एवढंच.

आपल्याला तो अंधार वाटत नाही, कारण डोळे जुळवून घेतात. एप्रिलच्या दुपारी गच्चीवर साधारण एक लाख लक्स (लक्स हे उजेडाचं माप) उजेड असतो. त्याच वेळी हॉलच्या मधोमध, पडदे उघडे असूनही, तो काहीशे लक्सवर आलेला असतो. मनी प्लांटसारखी पानांची झाडं तेवढ्यावर तग धरतात. फूल मात्र झाडाला महाग पडतं. पानांनी कमावलेल्यातून काही शिल्लक उरलं तरच झाड कळी धरतं. म्हणून आधी आपली खिडकी नीट बघायची आणि मग तिला झेपेल ते झाड आणायचं. हा क्रम उलटा केला की पैसे वाया जातात.

खिडकीची परीक्षा

मोबाइलमधलं होकायंत्र उघडा आणि कोणती खिडकी कोणत्या दिशेला आहे ते लिहून ठेवा. बिल्डरच्या ब्रोशरवर विसंबू नका. मग एखाद्या सुट्टीच्या दिवशी सकाळी आठ, दुपारी बारा आणि चार वाजता झाड ठेवायच्या जागी पांढरा कागद ठेवा आणि त्यावर वीतभर उंचीवर हात धरा. सावलीची कड धारदार दिसली तर तिथे ऊन आहे. सावली पुसट पण बोटं ओळखू येतात, तर चांगला उजेड आहे. सावलीच पडत नसेल तर ती जागा फुलझाडाची नाही. मोबाइलवर लक्स मोजणारं फुकटचं अॅप मिळतं. त्यात दिवसातले काही तास तरी दहा हजारांच्या वर आकडा गेला, तर बहुतेक फुलझाडांचं भागतं.

मोजताना खिडकी नेहमी जशी असते तशीच ठेवा. काळी काच, डासांची जाळी, समोरची बिल्डिंग हे सगळे उजेडातला आपापला वाटा काढून घेतात. खिडकीपासून मीटरभर आत आलं की उजेड पाव हिश्श्यावर येतो, कधी त्याहूनही खाली. त्यामुळे "खिडकीजवळ" याचा अर्थ कट्ट्यावर किंवा ग्रीलमध्ये. समोरचं टी-टेबल त्यात येत नाही.

नाशिकच्या बाबतीत एक गोष्ट विशेष आहे, आणि परदेशी व्हिडिओ बघून झाडं लावणारे नेमके तिथेच फसतात. आपलं शहर साधारण २० अंश उत्तर अक्षांशावर आहे. त्यामुळे २० मेच्या आसपास इथे शून्य सावलीचा दिवस येतो, आणि तिथून जुलैच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत दुपारचा सूर्य आपल्या डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो. म्हणजे भर मेमध्ये दक्षिणेच्या खिडकीत थेट ऊन जवळजवळ येतच नाही. डिसेंबरात मात्र सूर्य दक्षिणेला इतका कलतो की तेच ऊन हॉलमधल्या दिवाणापर्यंत पोचतं. दक्षिणेची खिडकी ही आपल्याकडे हिवाळ्याची खिडकी. उत्तरेच्या खिडकीला एरवी ऊन मिळत नाही, पण मे ते जुलै सकाळ-संध्याकाळ तिरपी किरणं येतात, आणि तेव्हा तिथली नाजूक झाडं अचानक करपलेली दिसतात.

कुठे काय लावायचं

पूर्वेची खिडकी मिळाली असेल तर नशीबवान आहात. सकाळचं दोन-तीन तासांचं कोवळं ऊन बऱ्याच झाडांना मानवतं. तिथे पहिलं झाड म्हणून मी डोळे मिटून अबोली सांगेन. तिला कडक ऊन लागत नाही, ती आठ इंची कुंडीत राहते आणि गजऱ्याला नाही तरी देवापुरती फुलं देत राहते. सोबत सदाफुली, बेगोनिया आणि समोर बिल्डिंग नसेल तर बटण गुलाब. मोठ्या फुलांचा गुलाब इथे आणू नका. जानोरी-मोहाडीच्या पॉलीहाउसमधले लांब दांड्याचे गुलाब बघून मोह होतो, पण तिथे त्यांना दिवसभर उजेड मिळतो.

पश्चिमेच्या खिडकीतलं ऊन तिखट. सिडको, इंदिरानगर, पाथर्डी फाटा भागात वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांना ते वेगळं सांगायला नको. पण फुलांच्या दृष्टीने हीच खिडकी श्रीमंत. बोगनवेल, अडेनियम, ऑफिस टाइम (पोर्टुलाका), काट्यांची युफोर्बिया ही मंडळी इथे खूश असतात. चार-पाच तास ऊन मिळत असेल तर जास्वंद आणि मोगराही जमतात. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकला की ग्रीलला ५० टक्क्यांची हिरवी शेडनेट बांधायची, आणि कुंडी तापलेल्या लोखंडाला चिकटू द्यायची नाही. पानांपेक्षा मुळं आधी भाजतात.

दक्षिणेला नोव्हेंबर ते फेब्रुवारी पेटुनिया, झेंडू, शेवंती, जिरेनियम लावा. तो हंगाम संपला की ती खिडकी अबोली-बेगोनियाला द्या. उत्तरेला बेगोनिया, इम्पेशन्स, अँथुरियम, पीस लिली. यांतली शेवटची दोन मुळात सावलीचीच, पण उजेड कमी असताना पांढरं-लाल काहीतरी हवं असेल तर तीच खरी.

गौरीसाठी घरचा तेरडा हवा असेल तर जूनअखेर उजेडाच्या खिडकीत बी टोका. भाद्रपदापर्यंत फुलं येतात.

घरात लहान मूल किंवा मांजर असेल तर निवड करताना सांभाळा. अडेनियम आणि युफोर्बियाचा चीक त्रासदायक असतो, सदाफुली पोटात जाणं बरं नाही, आणि कलांचो हे जाड पानांचं फुलझाड मांजराला बाधतं. कण्हेर तर घरात आणूच नका.

नर्सरीत गेल्यावर

गंगापूर रोडच्या बाजूला नर्सऱ्या भरपूर आहेत, आणि पावसाळा लागला की रोपांच्या हातगाड्या गल्लीत येतात. फेब्रुवारीच्या सुमारास महापालिकेचा पुष्पोत्सव भरतो तेव्हा बघायला जा, कारण एकाच ठिकाणी जाती ओळखता येतात. "घरात चालतं का?" असं मात्र विचारू नका. "चालतं की ताई" हेच उत्तर येणार. विचारायचं असं: "दादा, हे तुम्ही उन्हात ठेवलं होतं की नेटखाली?" नेटखालचं रोप खिडकीत लवकर रुळतं.

फुलं मोजू नका, कळ्या मोजा. पूर्ण उमललेलं झाड घरी येईपर्यंत निम्मं संपलेलं असतं. पान उलटं करून खालची बाजू आणि देठाच्या बेचक्या बघा. कापसासारखं पांढरं काही दिसलं तर तो पिठ्या ढेकूण, मग रोप कितीही देखणं असो, परत ठेवा. गुलाब घेताना कलमाची गाठ बघून घ्या. पुढे त्या गाठीखालून फुटवे आले की काढायचे, नाहीतर खालचं रानटी खोडच माजतं.

घरी आणल्यावर नवं झाड दहा दिवस बाकीच्यांपासून लांब ठेवा, आणि फुलावर असताना लगेच कुंडी बदलू नका. जागा बदलल्यावर थोडी पानं-कळ्या गळणारच. जास्वंद तर कुंडी नुसती फिरवली तरी रुसते. अशा वेळी खत घालायचं नाही, जागाही परत बदलायची नाही, गप्प बसायचं. सावलीतलं झाड उन्हाच्या खिडकीत न्यायचं असेल तर रोज तासाभराने ऊन वाढवत आठ-दहा दिवसांत न्या.

कुंडी आणि माती

अबोली, सदाफुली, बेगोनियाला आठ इंची कुंडी पुरते. जास्वंद, मोगरा, बोगनवेलीला दहा-बारा इंची लागते. ओली माती भरलेली बारा इंची कुंडी वीस किलोच्या आसपास जाते, म्हणून ग्रीलवर अशा दोनपेक्षा जास्त ठेवण्याआधी ग्रीलचे बोल्ट बघून घ्या आणि प्रत्येक कुंडी तारेने बांधा. ग्रीलसाठी प्लास्टिकची कुंडी बरी. मातीची कुंडी मुळांना चांगली, पण आपल्या कोरड्या उन्हाळ्यात संध्याकाळपर्यंत ठणठणीत सुकते. ती घरातल्या कट्ट्यावर ठेवा.

शेतातली काळी माती कुणी पिशवीभर आणून देतं. मळ्यात ती सोनं असेल, कुंडीत नुसती वापरली तर पाणी घातल्यावर चिखल होतो आणि सुकली की भेगा पडतात. माझं प्रमाण असं: दोन वाटे पोयटा माती, एक वाटा कोकोपीट, एक वाटा गांडूळखत, अर्धा वाटा जाड वाळू किंवा परलाइट, आणि मूठभर निंबोळी पेंड. अडेनियमला मात्र निम्मी वाळू. कोकोपीटची वीट भिजवल्यावर दोनदा पाणी बदलून पिळून घ्या, त्यात क्षार असतात. तळाला विटांचे तुकडे रचायची गरज नाही. भोकावर खापरीचा एक तुकडा किंवा जाळी पुरते.

नर्सरीतलं रोप बहुतेक वेळा लाल चिकट मातीच्या घट्ट गोळ्यात असतं. हा गोळा एकदा वाळला की वरून घातलेलं पाणी कडेने सरळ ताटलीत उतरतं, आत थेंब जात नाही. ताटली भरलेली बघून आपल्याला वाटतं, पाणी झालं. झाड मात्र तहानलेलंच राहतं. कुंडी उचलून बघा, हलकी लागली तर हाच प्रकार आहे. मग ती पाण्याच्या बादलीत गळ्यापर्यंत बुडवा. बुडबुडे यायचे थांबले की काढून मोरीत निथळत ठेवा. पुढे कुंडी बदलताना या गोळ्याची बाहेरची माती बोटांनी मोकळी केली की नवी मुळं बाहेर पडतात.

पाणी

वेळापत्रक नको. बोट दोन पेरं मातीत घाला, कोरडं लागलं तर पाणी द्या. खालून पाणी येईपर्यंत द्या आणि अर्ध्या तासाने ताटली रिकामी करा. ग्रीलमधल्या कुंडीला मेमध्ये रोज लागेल, डिसेंबरात आतल्या कुंडीला चार दिवसांनीही चालेल. पावसाळ्यात आठवडाभर झिमझिम आणि ढग असले की झाड पाणी पीतच नाही. सवयीने घातलेल्या पाण्याने मुळं कुजतात ती याच दिवसांत. बोगनवेलीला फुलं हवी असतील तर पानं जराशी लुळी पडेपर्यंत थांबा, मग पाणी द्या.

ताटलीत पाणी साठू देऊ नका. डेंग्यूचा डास तिथेच अंडी घालतो आणि आठवडा-दहा दिवसांत नवी फौज तयार होते. पावसाळ्यात महापालिकेची माणसं घरात येऊन कुंड्या तपासतात ती त्यासाठीच. शिवाय ग्रीलखाली ट्रे लावा. वरून पडलेल्या चिखलाच्या थेंबांनी खालच्या काकूंचे वाळत घातलेले कपडे खराब झाले, की सोसायटीच्या मीटिंगला तुमचाच विषय निघतो.

आरओ फिल्टरचं टाकाऊ पाणी झाडांना घालायचा मोह टाळा, त्यात क्षार एकवटलेले असतात. फरशी पुसायला वापरा. बोअरचं पाणी असेल तर महिन्यातून एकदा नळाच्या साध्या पाण्याने कुंडी भरपूर धुवून काढा.

खत: इथे नाशिककरांची चंगळ

द्राक्षांमुळे आपल्याकडे कृषी सेवा केंद्रांना तोटा नाही. कुंडीवाल्यांनाही १९:१९:१९ आणि ०:५२:३४ ही पाण्यात विरघळणारी खतं तिथे मिळतात (आकडे अनुक्रमे नत्र, स्फुरद आणि पालाशचे). रोप वाढत असताना पहिलं आणि कळ्यांची चाहूल लागली की दुसरं, दर पंधरा दिवसांनी, लिटरला एक ग्रॅम. म्हणजे चहाच्या चमच्याचा जेमतेम पाव भाग. माती आधी ओली हवी, कोरड्या मातीत खत घातलं तर पानांच्या कडा जळतात. दुकानदार एकराच्या हिशोबाने बोलायला लागला तर नम्रपणे हसून छोटं पाकीट मागायचं. आणि बागेवर मारायची औषधं कितीही रामबाण असली तरी जिथे आपण झोपतो त्या खोलीत आणायची नाहीत.

पानं भरपूर, गर्द हिरवी आणि फूल नाही, असं असेल तर नत्र जास्त झालंय किंवा उजेड कमी पडतोय. बहुतेक वेळा दुसरंच. केळीची सालं, चहाचा चोथा थेट कुंडीत टाकू नका. चिलटं होतात, त्यापलीकडे काही होत नाही.

द्राक्षाची ऑक्टोबर छाटणी सुरू झाली की तीच वेळ गुलाबाच्या छाटणीची समजा. मोगरा जानेवारीअखेर छाटून त्याची जुनी पानं काढा, मार्चपासून कळ्या धरतो. सदाफुलीचे शेंडे अधूनमधून खुडा, अबोलीचा तुरा संपला की देठासकट काढा. सुकलेली फुलं झाडावर ठेवली की ते बिया धरायच्या मागे लागतं.

शेवंती आणि रात्रीची ट्यूबलाइट

डिसेंबरात कळ्यांनी भरलेली शेवंती आणली, ती फुलली, मग पुढच्या वर्षी हिरवीगार राहिली पण कळीच नाही. ही तक्रार फ्लॅटमधल्यांचीच असते, आणि तिचं कारण खतात नसतं. शेवंतीला फुलायची वेळ रात्रीच्या लांबीवरून कळते. सप्टेंबरनंतर नाशिकची रात्र बारा तासांहून मोठी होत जाते, आणि बाहेरच्या शेवंतीला तेवढी खूण पुरते. पण हॉलमधल्या शेवंतीसाठी सूर्य मावळल्यावर ट्यूब लागते ती अकराला विझते. तिच्या लेखी अजून उन्हाळाच चालू असतो. कलांचोचंही तेच.

उपाय सोपा आहे, चिकाटी मात्र हवी. सप्टेंबरअखेरपासून कुंडी संध्याकाळी सहाला दिवा न लावलेल्या बाल्कनीत किंवा कोठीच्या खोलीत न्या आणि सकाळी आठला परत खिडकीत ठेवा. जागा नसेल तर वरून मिक्सरचा रिकामा खोका पालथा घाला. साधारण दीड महिना, कळ्यांवर रंग दिसेपर्यंत हे रोज करायचं. मध्ये कुणी रात्री खोका उचलून "कळ्या आल्या का गं?" बघत बसलं तर त्या रात्रीचं काम वाया. रस्त्यावरचा दिवा थेट खिडकीत येत असेल तर त्याचाही अडथळा होतो. एवढा व्याप नको असेल तर दरवर्षी नवी शेवंती आणावी, त्यात कमीपणा काही नाही.

आत-बाहेर पाळी

हॉलमध्ये फूल दिसायला हवंच असेल तर एकाच जातीच्या दोन कुंड्या ठेवा. एक खिडकीत कमावते, दुसरी चार-पाच दिवस हॉलमध्ये मिरवते, मग अदलाबदल. त्यापेक्षा जास्त दिवस आत राहिली की कळ्या पिवळ्या पडायला लागतात.

खिडकीतच उजेड नसेल तर वीस वॉटची पांढरी, ६५०० केल्विनची चार फुटी एलईडी ट्यूब शेल्फखाली लावा. झाडाच्या शेंड्यापासून सहा-आठ इंचांवर, रोज बारा तास, टायमर लावून. महिन्याला सात युनिटच्या आसपास वीज जाते. आफ्रिकन व्हायोलेट आणि बेगोनिया त्याखाली छान फुलतात. अबोलीला शेजारी शेजारी दोन ट्यूब लागतात. मोगरा, जास्वंद, गुलाब यांना हा उजेड पुरत नाही, जाहिरातीत काहीही म्हणोत.

कीड, थंडी आणि सुट्टी

मार्च ते मे कोरड्या हवेत लाल कोळी येतो. पानं धुरकट होतात, खाली बारीक जाळी दिसते. झाड मोरीत नेऊन पानांच्या खालच्या बाजूने पाण्याचा फवारा मारा, आठवड्यातून दोनदा. पिठ्या ढेकूण थोडा असेल तर सॅनिटायझरमध्ये बुडवलेल्या कापसाच्या काडीने टिपून काढा. मावा आणि पांढऱ्या माशीला लिटरभर पाण्यात पाच मिली निंबोळी तेल आणि भांड्यांच्या लिक्विड साबणाचे चार थेंब, संध्याकाळी फवारायचं. भुरी (पानांवरची पांढरी, पिठासारखी बुरशी) आली तर ती पानं काढून टाका आणि खिडकी उघडी ठेवून हवा खेळू द्या.

थंडीत निफाडचा पारा पेपरात यायला लागला की रात्री स्लायडिंग बंद करा. जास्वंद, अँथुरियम, अडेनियम यांची कुंडी पडदा आणि काच यांच्या मध्ये अडकू देऊ नका. रात्री घरातली सगळ्यात गार जागा तीच. पडद्याच्या आत घ्या. अडेनियमचं पाणी डिसेंबर-जानेवारीत जवळजवळ तोडा.

मे महिन्यात चार-पाच दिवस गावी जायचं असेल तर कुंड्या ग्रीलमधून काढून पूर्वेच्या किंवा उत्तरेच्या खिडकीपाशी एकत्र ठेवा. मध्ये स्टुलावर पाण्याची बादली ठेवा आणि जुन्या सुती साडीच्या पट्ट्या पिळून तिची वात करा. एक टोक बादलीच्या तळाशी, दुसरं कुंडीतल्या मातीत बोटभर खोल. वाती आधी भिजवून घ्या, नाहीतर पाणी चढतच नाही. निघायच्या दोन दिवस आधी एकदा लावून बघा, म्हणजे कुठल्या कुंडीला एक वात पुरते आणि कुठलीला दोन लागतात ते कळतं. बादलीवर झाकण ठेवा, डासांसाठी.